मराठवाड्यात स्पोर्ट्स कार रोज चालवायची तर

मराठवाड्यात महागड्या गाडीचं अप्रूप आता फारसं उरलेलं नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, त्याची चर्चा देशभर झाली. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडा आणि ऑडी जुळवल्या जातात. तरीही तीनशे-चारशे हॉर्सपॉवरची, जमिनीला टेकलेली गाडी घेऊन कुणी रोज सकाळी कंपनीत, दुकानात किंवा दवाखान्यात जाताना क्वचितच दिसतं. अशा गाड्या आहेत, पण कव्हरखाली आहेत. दसऱ्याला हार पडतो, रविवारी पहाटे एक चक्कर होते आणि पुन्हा कव्हर.

गाडी जपण्यासाठी हे करतात खरं, पण उभी गाडी जास्त खराब होते. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबून चपटे पडतात, रबरी सील कडक होतात, टाकीतलं इथेनॉल-मिश्रित पेट्रोल ओलावा धरतं, आणि वायरिंगला उंदीर लागतात. इंजिनाला रोजचं काम चालतं. पोर्शे ९११ ही १९६३ साली लोकांसमोर आली तेव्हापासून मागे दोन लहान सीटा घेऊन रोजच्या वापराचा दावा करत आली आहे. १९९० च्या होंडा एनएसएक्सने तर सुपरकारमधून बाहेरचं नीट दिसलं पाहिजे, एसी चालला पाहिजे आणि ती रोज सुरू झाली पाहिजे, हे बाकीच्यांना दाखवून दिलं. आपल्याकडे अडतं ते इंजिनापाशी नाही, गाडीच्या पोटाखालच्या बारा सेंटिमीटरपाशी अडतं. म्हणून गाडी निवडायच्या आधी रस्ता आणि घराचं गेट मोजायचं. शोरूमला त्यानंतर जायचं.

रस्ता मोजणे

रोजचा रस्ता एकदा स्कूटरवर फिरा. कारमधून गतिरोधक नुसता जाणवतो, स्कूटरवरून तो दिसतो आणि उतरून मोजताही येतो. सोबत फूटपट्टी आणि एक सरळ काठी ठेवा. काठी गतिरोधकाच्या माथ्यावर आडवी धरून दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंतची उंची घ्यायची आणि तो किती रुंद आहे तेही लिहून ठेवायचं. लोक उंचीच बघतात, पण खरी गोम रुंदीत असते.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. त्याची गोलाई १७ मीटर त्रिज्येची असते. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी त्यावर चढली की चारही चाकं गतिरोधकावरच असतात, त्यामुळे मधला फुगवटा पोटाखालची जेमतेम साडेचार सेंटिमीटर जागा खातो. चाकांतलं अंतर पावणेतीन-तीन मीटरच्या घरात गेलं तर साडेपाच-साडेसहा सेंटिमीटर. म्हणजे नियमाने केलेल्या गतिरोधकावरून ९११ सुद्धा सुखरूप जाते. पण अपघातानंतर चिडलेल्या गावाने रातोरात डांबराचा ढीग टाकून केलेला, हातभर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच उंचवटा दोन्ही चाकांच्या मधे येतो आणि पंधराच्या पंधरा सेंटिमीटर मागतो. बहुतेक स्पोर्ट्स कारचं पोट गाडी रिकामी असताना जमिनीपासून दहा ते साडेतेरा सेंटिमीटर वर असतं. त्यात चार माणसं बसली की आणखी खाली.

तेव्हा तुमच्या रस्त्यावर अरुंद-उंच उंचवटे किती आणि त्यांना वळसा घालता येतो का, हे आधी बघा. संभाजीनगरात सिडकोकडून शेंद्र्याला जाणाऱ्याचं जालना रोडवर बरं चालतं, रस्ता सरळ आणि रुंद आहे. वाळूजला जाणाऱ्याला छावणी, नगर नाका आणि शिफ्ट सुटायच्या वेळेची गर्दी पार करावी लागते. तिथे वेळ बदलली तरी निम्मा त्रास वाचतो. वेरूळकडे जायचं असेल तर दौलताबादजवळच्या जुन्या दरवाजातून रुंद गाडी काढताना आरसे मिटून घ्यावेत, समोरून एसटी येत असेल तर अलीकडेच थांबावं.

काळ्या मातीवरच्या रस्त्यांचं आणखी एक बघायचं असतं. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे वरचं डांबर शाबूत दिसलं तरी रस्ता लाटेसारखा वरखाली झालेला असतो. इनोव्हात बसून या लाटा झुलवतात. कडक सस्पेन्शनच्या बुटक्या गाडीचं नाक मात्र ऐंशीच्या वेगाला लाटेच्या तळाशी टेकतं. म्हणून जिल्हा रस्त्यावर खड्डे नसले तरी पहिल्या फेरीला साठच्या वर जाऊ नये.

घराचं गेट

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. अशा गाडीचा पहिला ओरखडा बहुधा स्वतःच्याच गेटात पडतो.

आपल्या कॉलन्यांत रस्ता दर वेळी वरून नवा होतो, म्हणून जो तो घराचा जोता उंच ठेवतो. मग गटारावरून गेटापर्यंत दोन-तीन फुटांत फूटभर चढणारा सिमेंटचा उतार केला जातो. बोलेरो त्यावर चढते. स्पोर्ट्स कारचं पुढचं ओठ, म्हणजे बंपरखालची पट्टी, तिथेच फुटतं.

हिशेब सोपा आहे. उताराला जेवढी उंची चढायची, त्याच्या निदान आठपट लांबी हवी. ३० सेंटिमीटर चढायचं असेल तर उतार २४० सेंटिमीटर लांब पाहिजे, त्याचा कोन साधारण सात अंश येतो. जागा नसेल तर सहापट हा शेवट धरा, म्हणजे साडेनऊ अंश. त्यापुढे पुढचं नाक वर उचलणारी लिफ्ट नसलेली गाडी घेऊ नका. उतार जिथे सुरू होतो आणि जिथे संपतो त्या दोन्ही ठिकाणी धार न ठेवता गोलाई करून घ्या. खाली नाक लागतं, वर पोट लागतं. गवंड्याला अंश सांगून उपयोग नाही. गाडीच्या पुढच्या चाकापासून बंपरच्या टोकापर्यंतचं अंतर आणि बंपरची उंची एका पुठ्ठ्यावर कापून त्याच्या हातात द्या आणि सांगा, हा पुठ्ठा कुठेही घासला नाही पाहिजे.

रस्त्याच्या हद्दीत पक्कं बांधकाम करायला अर्थातच परवानगी नसते. अशा वेळी एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडून चेकर्ड प्लेटच्या दोन उचलत्या पाचरी करून घ्याव्यात. प्रत्येक चाकाला एक, खालून अँगलचा आधार आणि जमिनीला टेकणाऱ्या बाजूला रबर. पाण्यात चेकर्ड प्लेट निसरडी होते, तेव्हा वर वाळू मिसळलेला रंग मारून घ्यावा.

गाडी कोणती

मोजमाप झालं की निवड आपोआप आखडते, आणि ते बरंच असतं.

रोजसाठी माझं मत चार दारांच्या बाजूने आहे. बीएमडब्ल्यू एम३४०आय हे त्याचं सरळ उदाहरण. चेन्नईजवळ जुळणी होते, इंजिन ३७४ हॉर्सपॉवरचं, चारही चाकांना ताकद, आणि कंपनीच्या आकड्याप्रमाणे शून्य ते शंभर ४.४ सेकंदांत. मागे आई-वडील बसतात, डिकीत परभणीहून आणलेलं ज्वारीचं पोतं मावतं. गुडघेदुखी असलेल्या माणसाला ९११ मध्ये बसवणं एक वेळ जमतं, बाहेर काढणं कठीण. घरात कोण कोण बसणार आहे, त्या सगळ्यांना टेस्ट ड्राइव्हला न्या आणि दोन वेळा चढा-उतरायला सांगा. साडी नेसलेल्या बाईला खोल सीटमधून उठताना काय होतं ते सेल्समन सांगणार नाही.

दोन दारांचीच हवी असेल तर नाक उचलणारी लिफ्ट घ्या. ती ऐच्छिक असते आणि महाग असते, पण इकडे तिच्याशिवाय भागत नाही. ९११ ची लिफ्ट नाक साधारण चार सेंटिमीटर उचलते, आणि नव्या पिढीत कुठे उचललं होतं ती जागा जीपीएसने लक्षात ठेवून पुढच्या वेळी आपणहून उचलते. जुन्या मस्टंगसारख्या गाड्या सेकंडहँड बाजारात मोहात पाडतात. त्यांचं लांब नाक आणि लांब पोट आपल्या उंचवट्यांना फार आवडतं.

बाकी पर्याय पटकन सांगतो. मऊ-कडक करता येणारं सस्पेन्शन घ्याच. चाक कंपनीने त्या मॉडेलला दिलेलं सगळ्यात लहान घ्या. १८ इंची मिळत असेल तर २० नको. कार्बन-सिरॅमिक ब्रेक नकोत, थंड असताना कुरकुरतात, बदलायचा खर्च डोळे पांढरे करतो आणि ऑफिसला जाताना त्यांचा काडीचा उपयोग नाही. काळा रंग नको. काळा का नको ते धुण्याच्या ठिकाणी येईलच.

सेकंडहँड घेत असाल तर गाडी लिफ्टवर उचलून खालून बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. पुढच्या ओठाची खालची कड, प्लॅस्टिकची पोटपत्री आणि रिमची आतली कड टॉर्च लावून बघायची. वाकलेला रिम बाहेरून चकाचक दिसतो, बॅलन्सिंग मशीनवर फिरवला की डगमगतो. चारही टायरवरचा चार आकडी शिक्का वाचा, त्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. परराज्यातली गाडी स्वस्त वाटली तर तिकडच्या आरटीओची एनओसी आणि इथला कर धरून पुन्हा बेरीज करा.

कर आणि विमा

२२ सप्टेंबर २०२५ पासून अशा मोठ्या इंजिनाच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, पूर्वीचा वेगळा सेस गेला. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के रस्ता कर लागतो. कंपनीच्या नावावर घेतली किंवा आयात केलेली असली तर २० टक्के. कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाखांवर गेली. त्यामुळे कंपनीच्या नावावर घेऊन घसारा दाखवायचा विचार असेल तर सीएकडे आधी जा, डीलरकडे नंतर.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापता भरपाई), इंजिन संरक्षण, टायर-रिम आणि इनव्हॉइस परतावा (गाडीच गेली तर बिलाची रक्कम) ही चार जोड-कलमं घ्या. यातलं इंजिन संरक्षण सोडू नका. साध्या पॉलिसीत पाणी शिरून बसलेलं इंजिन सहसा धरत नाहीत.

टायर

समृद्धी महामार्ग आपल्याकडे जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि कारला वेगमर्यादा १२० आहे. काँक्रीट, मे महिना आणि तासन्‌तास एकच वेग, यात कमी हवेचा टायर सगळ्यात आधी जातो. लोकांचा समज नेमका उलटा आहे: ऊन आहे, हवा वाढेल, म्हणून थोडी कमी ठेवा. टायर फुटतो तो बहुतेक वेळा कमी हवेने. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, वाकल्याने तापतो, तापल्याने आतले थर सुटतात.

हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरायची. त्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचे आणि वेगाचे वेगळे आकडे असतात, समृद्धीवर जाताना ते वापरायचे. बाहेरचं तापमान साधारण पाच-सहा अंशांनी वाढलं की दाब एक पीएसआयने वाढतो. सकाळी २५ आणि दुपारी ४३ अंश असेल तर तीन पीएसआय नुसत्या उन्हाने वाढले, त्यात पळण्याची उष्णता वेगळी. हे गृहीत धरूनच स्टिकर केलेला असतो. गरम टायरची हवा सोडायची नाही. नायट्रोजन भरला म्हणून यातलं काही बदलत नाही. पंपावरच्या काट्यावर विश्वास न ठेवता स्वतःचा मीटर ठेवा.

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, म्हणून या गाडीला पावसाळ्याआधी ३ मिलिमीटरची हद्द धरा. पुढचे-मागचे टायर वेगळ्या मापाचे असतील तर अदलाबदल करता येत नाही, मागचे आधी संपणार. चारांचा संच लाखाच्या पुढे सहज जातो. आणि नेमकं माप आपल्या जिल्ह्यात मिळेल याची खात्री नसते, म्हणून नक्षी ४ मिलिमीटरवर आली की मागवायला सांगून ठेवायचं.

या गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते. रनफ्लॅट टायर असेल तर हवा गेल्यावर सुमारे ऐंशीच्या वेगाने ऐंशी किलोमीटरपर्यंत जाता येतं, बीड ते संभाजीनगर नाही. फेसाच्या डब्याने छोटं भोक बुजतं, बाजूची चीर बुजत नाही. डिकीत कंपनीचा कॉम्प्रेसर, पंक्चरची दोरी-सुई, व्हील नट उघडायची खास चावी आणि एक रबरी ठोकळा ठेवा. हा ठोकळा महत्त्वाचा. रस्त्यावरचा पंक्चरवाला सवयीने दाराखालच्या पत्र्याला जॅक लावतो आणि तो पत्रा आत दबतो, दार पुन्हा कधी नीट बसत नाही. गाडीखाली वाकून चाकामागची ठरलेली खाच स्वतः बोटाने दाखवायची, त्यावर ठोकळा धरायचा आणि म्हणायचं, "मामा, जॅक इथंच. दुसरीकडं लावू नका." सपाट जॅकही आत जात नसेल तर आधी त्या बाजूचं चाक एका फळीवर चढवून घ्यायचं. वाईट कुणीच वागत नाही, त्यांनी अशी गाडी बघितलेली नसते एवढंच.

चालवायची पद्धत

उंचवटा आला की ब्रेक त्याच्या अलीकडे संपवायचा. ब्रेक दाबलेला असताना नाक खाली गेलेलं असतं, तसंच चढवलं की ओठ घासतं. ब्रेक सोडा, नाक वर येऊ द्या, मग चढा. अरुंद उंचवटा तिरका घ्या: एका वेळी एकच चाक वर जातं, आणि उंचवटा दोन्ही बाजूंनी एकदम पोटाखाली सापडत नाही. तिरकं वळायच्या आधी डावा आरसा बघा, आपल्याकडे दुचाकीवाला नेमका त्याच वेळी डावीकडून घुसतो.

गर्दीत ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स असेल तर मुंगीच्या पावलाने पुढे सरकत राहू नका. प्रत्येक वीतभर सरकण्यात क्लच घासतो आणि तापतो. समोर दीड-दोन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एकदम जा आणि पूर्ण थांबा. घाटात चढावर ॲक्सिलरेटर दाबून गाडी जागच्या जागी धरू नका, ब्रेक दाबा किंवा ऑटो होल्ड लावा. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवणारच.

ऊसाचा हंगाम लागला, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून मार्चपर्यंत, की रात्रीचा प्रवास टाळा. लातूर, धाराशिव, बीड, जालना, कुठेही जा, दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे दिवा नसलेला असतोच. बुटक्या गाडीचे हेडलाइट खालून पडतात, उसाच्या मोळ्यांपर्यंत उजेड पोचतो तेव्हा फार अंतर राहिलेलं नसतं. ट्रॉलीतून पडलेला ऊस आणि बंद पडलेल्या ट्रकभोवती लावून तसेच सोडलेले दगड हे तुमच्या पोटपत्रीचे खरे शत्रू. त्यापूर्वी सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीनची रास पसरलेली असते. त्यावरून गाडी नेऊ नका, शेतकऱ्याचं नुकसान तर आहेच, शिवाय काड्या-कचरा गरम सायलेन्सरला अडकला की पेट घेऊ शकतो. पहाटे रोही (नीलगाय) आणि हरणं आडवी येतात. रोही घोड्याएवढी असते, आणि बुटक्या गाडीच्या बॉनेटवरून थेट काचेवर येते.

समोरून मोठं वाहन अंगावर आलं तर साइडपट्टीवर उतरण्याऐवजी वेग पूर्ण कमी करून डांबराच्या कडेला थांबा. कड चार-सहा इंच खचलेली असते. तिथे चाक उतरलं की टायरची बाजू कापली जाते.

वेगाबद्दल एकच. अशी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच शंभरच्या आसपास जाते. मजा हवी असेल तर पहाटे खुलताबादहून म्हैसमाळच्या चढावर जा, साठ-सत्तरच्या वेगात, वळणं घेत. समृद्धीवर १२० च्या पुढे काटा नेण्यात गाडीचं कसब काहीच दिसत नाही, फक्त चालान दिसतं.

उन्हाळा आणि पेट्रोल

चव्वेचाळीस अंशांत टर्बो इंजिन थोडं मंदावतं. आत जाणारी हवा गरम असते म्हणून कॉम्प्युटर आपणहून ताकद कमी करतो, तो बिघाड नाही. दामटून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर निवांत चालवा, म्हणजे टर्बोतलं तेल जळत नाही. बंद केल्यावर पंखा फिरत राहिला तर फिरू द्या. गाडीच्या पुस्तकात ऑइल बदलायला पंधरा हजार किलोमीटर लिहिलं असलं तरी ते या धुळीत आणि उन्हात सात-आठ हजारांवर किंवा वर्षाला बदलावं, असं माझं ठाम मत आहे.

पेट्रोलचं झाकण उघडून आतला स्टिकर वाचा. ९५ ऑक्टेन लिहिलेलं असेल तर अडचण नाही, सध्याचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल ९५ ऑक्टेनचं असल्याचं पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं आहे. ९८ लिहिलं असेल तर तेल कंपन्यांचं महागडं पेट्रोल कोणत्या पंपावर मिळतं ते शोधून ठेवा आणि एकाच, खपाच्या पंपावर भरत जा. २० टक्के इथेनॉल तुमच्या मॉडेलच्या वर्षाला चालतं का, ते पुस्तकात बघा. जुन्या आयात गाड्यांत १० टक्केच लिहिलेलं असतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडणारच. ऊस आपलाच आहे, तक्रार कुणाकडे करायची!

पावसाळा

रस्त्यावर पाणी असेल आणि तळ दिसत नसेल तर जाऊ नका. दिसत असेल तरी वीतभरापेक्षा कमी हवं. या गाड्यांची हवा ओढायची तोंडं खाली असतात, समोरून गेलेल्या ट्रकची लाट तेवढी उंच येते. इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा सुरू करायचं नाही. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तसंच उभं ठेवून टो गाडी बोलवा.

काळ्या चिखलाचा तर विचारच नको. फोटो काढायला म्हणून पावसात शेताच्या कडेला उतरवलेली रुंद टायरची गाडी दोन फुटांत रुतते. टो करायचा स्क्रूवाला हुक कुठे ठेवलाय आणि बंपरमधल्या कुठल्या झाकणामागे बसतो, ते कोरड्या दिवशी घरी बघून ठेवा. ट्रॅक्टरवाला मदतीला लगेच येतो, पण साखळी पुढच्या सस्पेन्शनला बांधतो.

धूळ आणि धुणे

सुक्या फडक्याने गाडी पुसणारा माणूस ठेवू नका. इथल्या धुळीत बारीक खडे असतात, रोज पुसलेल्या गाडीवर सहा महिन्यांत जाळं दिसतं, काळ्या रंगावर तर पहिल्या आठवड्यात. आधी पाण्याने धूळ सुटू द्यायची, मग दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. बोअरचं पाणी जड असतं. उन्हात वाळलं की पांढरे डाग धरतात आणि नंतर घासूनही निघत नाहीत. सावलीत धुवा आणि वाळायच्या आत टिपून घ्या. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात गाडीवर पाणी घालणं शेजाऱ्यांना खटकतं, आणि खटकावंच. चांगल्या वॉशिंग सेंटरवर दहा-पंधरा दिवसांनी नेलेलं बरं. पुढच्या भागाला आणि ओठाला पारदर्शक फिल्म मात्र पहिल्याच आठवड्यात लावून घ्या.

एअर फिल्टर पुस्तकात सांगितलेल्या अर्ध्या अंतरावर बघा. पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे रेडिएटर असतात, तिथे उसाचं पाचट, कापसाची बोंडं आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात. टॉर्च लावून महिन्यातून एकदा बघायचं आणि हळू हवेने बाहेर काढायचं. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पात्या वाकतात.

सर्व्हिस आणि टो

काही जर्मन कंपन्यांची सर्व्हिस संभाजीनगरात होते, बाकीच्यांसाठी पुणे-मुंबई. नांदेड किंवा लातूरकराने हे अंतर गाडी घेतानाच धरावं: सर्व्हिसला एक दिवस जायला, एक यायला. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदलायचं, ते वेळापत्रकात लिहून घ्या.

बंद पडली तर सपाट पाठीची टो गाडीच बोलवायची, पुढची चाकं उचलून ओढणारी नाही. चारही चाकांना ताकद असेल तर तसं ओढल्याने गिअरबॉक्स जातो. जवळच्या अशा दोन टोवाल्यांचे नंबर सेव्ह ठेवा आणि चढवताना लागतील म्हणून दोन जाड फळ्या आणायला फोनवरच सांगा. त्यांचा उतारही आपल्या गेटाएवढाच तिरका असतो.

माणसं

"दादा, ॲव्हरेज काय देती?" हा प्रश्न चहाच्या टपरीवर, टोलवर, अगदी स्मशानातही येतो. खरं उत्तर द्या, शहरात सहा-सात. पुढच्या क्षणी कुतूहल संपतं आणि माणूस चहा पाजतो. मुलांना स्टेअरिंगवर बसून फोटो काढायचा असतो, काढू द्या, फक्त किल्ली घेऊन गाडीपासून दूर उभे राहा, कारण बटण दाबून सुरू होणारी गाडी किल्ली नुसती जवळ असली तरी सुरू होते.

पहाटे थंड इंजिन सुरू केलं की मिनिटभर मोठ्याने गुरगुरतं. शेजारी म्हातारी माणसं असतील तर सायलेन्सरचा शांत मोड ठेवा आणि लगेच निघा. थंड इंजिन उभं ठेवून तापवायची गरज नसते, पहिले काही किलोमीटर हळू चालवलं की पुरे. बाहेरून मोठा सायलेन्सर बसवणं बेकायदा आहेच, शिवाय कंपनीची वॉरंटी त्यावर अडते.

नवरदेवासाठी गाडी मागायला पाहुणे येतातच. द्यायची असेल तर चालवायला तुम्हीच बसा. मांडवापुढचा खड्डा, फुलांच्या सजावटीची सेलोटेप आणि फटाक्यांच्या ठिणग्या या तिन्हींची काळजी दुसरा कुणी घेणार नाही. गल्लीत मंडप असेल तर नवरदेवाला नाक्यापासून घोड्यावर नेता येतं, हे वरमायला आधीच सांगून ठेवायचं.

आणि घरात दुसरी, उंच गाडी असू द्या. जुनी स्विफ्ट चालेल. शेतावर जायचं, गावाकडे रात्री निघायचं, ढगफुटीसारखा पाऊस लागलाय, गावात यात्रा आहे, रस्त्याचं काम चालू असल्याचं कुणी फोनवर सांगितलंय, अशा दिवशी ती काढायची. अजिंठ्याच्या रस्त्याचं काम वर्षानुवर्षं चाललं तेव्हा त्या वाटेवरच्या लोकांनी हेच केलं असतं. दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या एकाच खुंटीला ठेवा आणि निघण्याआधी रस्ता विचारून मग हात घाला.